पाठीवरच्या आडव्या रेघा

ती : मग त्यांना सांग, हॉटेलात राहा म्हणून.

तो : वेड लागलंय का तुला? वडील आहेत माझे. स्टँडवरून टॅक्सीत बसलेत.

ती : मग टॅक्सी वळवायला सांग.

तो : बाळ यायच्या आधी कोणीतरी मोठं माणूस घरात हवं, हे कोण म्हणालं होतं? तूच. आणि आधी ते खाजवणं थांबव. पोट लालेलाल केलंयस.

ती : पोट माझं आहे. खाज सुटली की खाजवणार. ती क्रीम दे.

तो : ऑनलाइन मागवलेली? अजिबात नाही. डॉक्टरबाई काय म्हणाल्या? रेटिनॉल आहे त्यात, पोटात बाळ असताना लावायची नाही. हे घे, साधं मॉइश्चरायझर.

ती : साध्याने पोटावरच्या या रेघा जातात का?

तो : पूर्ण कशानेच जात नाहीत. लाल आहेत तोवर औषधाने थोडंफार जमतं, तेही बाळ झाल्यावर विचारून. नाहीतर आपोआप फिकट होतात. याने खाज तरी कमी होईल. लाव, आणि मुद्द्यावर ये. बाबांनी तुझं काय घोडं मारलंय?

ती : माझं काही नाही.

तो : मग?

ती : तुझं. हे बाळ मी त्यांच्याजवळ एकटं सोडणार नाही. झालं? बोलले एकदाची.

तो : अगं पण का?

ती : तुझ्या पाठीवरचे वळ पाहिलेत मी. लग्न झाल्यापासून पाहतेय. कमरेच्या वर, आडवे, एकाखाली एक. पट्ट्याने मारल्याचे. मी काय आंधळी आहे?

तो : पट्ट्याने?

ती : पोहायला गेलास तरी टीशर्ट काढत नाहीस. बाबांचा फोन आला की "हो बाबा, बरं बाबा", संपलं. मी विचारलं नाही. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगेल.

तो : थांब, थांब. फोटो काढ.

ती : कसला?

तो : पाठीचा! मला माझी पाठ दिसते का? काढ. हं, दाखव. अगं बाई, हे वळ नाहीत! तुझ्या पोटावर आहे तेच आहे हे.

ती : मी गरोदर आहे. तू कशाने?

तो : उंचीने! नववीत ताडमाड वाढलो. सुट्टीत शिवलेली पँट, शाळा सुरू झाली तर घोट्याच्या वर. कातडी बिचारी ताणून ताणून आतून फाटली. पोरं झेब्रा म्हणायची. म्हणून तो टीशर्ट.

ती : मार खाल्लेली मुलं असंच सांगतात. सायकलवरून पडलो, दारावर आपटलो. उंचीचं नवीनच ऐकतेय.

तो : शपथ घेऊ का?

ती : कधी मारलंच नाही त्यांनी? माझ्याकडे बघून सांग.

तो : एकदा. कानाखाली. पाण्याच्या टाकीवर चढलो होतो म्हणून.

ती : बघ.

तो : बघ काय? टाकी केवढी होती ते बघ!

(दाराची बेल वाजते.)

तो : आले. प्लीज, आत्ता काही काढू नकोस.

ती : दार उघड.

बाबा : हुश्श! लिफ्ट बंद आहे रे तुमची. कशी आहेस पोरी? काय झालं, तोंडं का अशी?

तो : काही नाही बाबा. पाणी आणतो.

ती : बाबा, याच्या पाठीवर काय झालं होतं?

तो : अगं!

बाबा : पाठीवर? त्या रेघा होय. शाळेतल्या खेळाच्या सरांनीही असंच विचारलं होतं. बोलावून घेतलं, दार लावलं, म्हणाले, आई नसलेलं पोर आहे, हात उचलत जाऊ नका.

तो : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

बाबा : काय बोलायचं? तसाच तुला डॉक्टरकडे नेला. तो हसायलाच लागला. म्हणे, पोरगा कातडीला न विचारता वाढलाय, काही करू नका.

तो : तरी तुम्ही तेल चोळत बसलात. वर्षभर, रोज संध्याकाळी.

बाबा : आणि उपयोग शून्य. एक रेघ हलली नाही.

ती : मग चोळत का होतात?

बाबा : तेवढाच वेळ हा एका जागी बसायचा. समोरासमोर आम्हाला बोलायला जमत नाही, अजूनही नाही. माझ्याकडे पाठ केली की मात्र भडाभडा बोलायचा. शाळा, मित्र, सगळं.

तो : बाबा, राहू दे ना आता.

बाबा : तुला वाटलं, मी मारायचो?

ती : हो.

बाबा : मग विचारलंस ते बरं केलंस. सरांचा तेव्हा फार राग आला होता. आज नाही आला. बरं, बॅग कुठे ठेवू? की दारातच असू दे?

तो : काहीतरीच काय बाबा!

ती : आत ठेवा. खिडकीच्या खोलीत. आणि बाबा...

बाबा : बोल ना.

ती : एवढ्याशा बाळाला आंघोळ घालता येते तुम्हाला?

बाबा : याची आई होती तेव्हाही ते काम माझंच होतं. तरी पहिल्यांदा तू जवळ उभी राहा.