नॉर्मनच्या तीन लीक

पोस्टाच्या रांगेत मॅरियनच्या मागे एडना आणि नॉर्मन हे दोघे म्हातारे शेजारी उभे होते. मॅरियनने मागे वळून पाहिले नाही, पण तिचे कान तिकडेच होते. विषय होता नॉर्मनच्या लीकचा, म्हणजे कांद्याच्या पातीसारख्या जाड भाजीचा.

“मंगळवारी सकाळी वाफ्यावर गेलो, तर नुसते तीन खड्डे! शनिवारच्या भाजी-प्रदर्शनासाठी वाढवलेल्या लीक होत्या गं. मनगटाएवढ्या जाड.”

“गेल्या आठवड्यात तर दंडाएवढ्या होत्या.”

“थट्टा नको, एडना. अकरा वर्षं दुसरा येतोय मी. यंदा पहिलं बक्षीस माझंच होतं.”

“पोलिसांना कळवलंस?”

“कळवलं. तक्रारीचा नंबर मिळाला. माणूस काही आला नाही.”

“मग चौकीत जायचंस.”

“चौकी कधीच बंद झाली. तिथं आता कुत्र्यांचे केस कापतात.”

“आपला जुना हवालदार सेप्टिमस असता, तर सायकलवरून येऊन खड्डे तरी बघून गेला असता.”

“तो स्वतःच लीक लावायचा. पहिला संशय त्याच्यावरच आला असता.”

“मग शनिवारी घरीच बसणार का?”

“छे! चोरानं त्या काय सूप करायला नेल्यात? तो त्या तिथंच टेबलावर मांडणार. माझी लीक मी हजारांत ओळखीन. दिसली रे दिसली की पोलिसांना फोन.”

“मग आत्ताच लाव. शनिवारपर्यंत उचलतील.”

मागे नॉर्मनच्या फोनची बटणे वाजली, आणि पोस्टाची सगळी रांग फोनमधले थांबायला लावणारे संगीत ऐकत हळूहळू पुढे सरकू लागली.