वारेवरचा ठसा

न्हाई, दार लोटू नका. उघडंच राहू द्या — फॉर्मलिनचा वास नव्या माणसाच्या डोळ्याला फार झोंबतो. तुमचे सासरे बाहेर बाकावर बसलेत ना, रखमाजी, तुमच्या दोघा मेहुण्यांना घेऊन? बसू द्या, चहा सांगितलाय मी त्यांना. तुम्ही बसा, आदिनाथ. मडकं ठेवा खाली. नवं कोरं मडकं, हळद-कुंकवाची पुडी — आईनं दिली का बदनापूरहून निघताना? बराबर आहे. बाळासोबत वार पुरायची, आमच्याकडंही पुरतात. देते ना. फक्त आधी मी कापणार. तेच माझं काम — बाकीचे डॉक्टर बाई बघतात, बाळ बघतात, मी बाळामागून पडलेली वार बघते. वेळेआधी का सुटली, कशानं सुटली. सगळी उमर त्यातच गेली. अख्ख्या जालन्यात लोक वारवाल्या मॅडम म्हणतात. म्हणू द्या.

खिडकीत काय बघता? इकडं बघा. तुमच्याच तृप्तीच्या पोटातली आहे. ही बाजू बाळाकडची, गुळगुळीत — शिरा बघा कशा पसरल्यात. आता उलटी करते. ही आईला चिकटलेली बाजू. इथं काय दिसतं? गुठळी. काळी, बोकडाच्या काळजाएवढी. बोटानं काढते — आणि हा खाली खड्डा. मूठ बसेल एवढा. आठव्या महिन्यात वार आतल्या आत सुटली अन् बाळ तिथंच गुदमरलं. तुम्ही म्हणाल, लगेच गेलं असेल. न्हाई, लगेच जात न्हाई. तृप्तीचं पोट उघडलं तेव्हा गर्भाची पिशवी वांग्यासारखी काळीनिळी — काढून टाकावी लागली. अन् शुद्धीवर आल्याबरोबर बाई काय म्हणते? न्हाणीत पाय घसरला. तुम्हीही तेच म्हणता. टाके सुकले की घेऊन जाणार तुम्ही तिला — त्याच न्हाणीत.

घाम पुसा. सुरी वारेसाठी आहे.

आता ऐका. न्हाणीत घसरलेली बाई कशावर पडते? बुडावर पडते, हातावर पडते. मंग हा मार बसला कुठून? खड्ड्याच्या कडेला बघा — हा अर्धा गोल. दिसला? ओल्या मातीवर पाऊल उमटतं ना, तसा वारेवर ठसा उमटतो, आदिनाथ. इतक्या वर्षांत इतक्या वारा हाताखालून गेल्या, मला बघता क्षणी कळतं गुडघा कोणता, टाच कोणती. ही बुटाची टाच आहे. शेतात घालतात तो जाडा बूट, लोखंडी नाल मारलेला —

काय?

मोठ्यानं बोला. बूट नव्हता? मंग? अनवाणी होतात. एकदाच लाथ मारली. माहेरी जाते म्हणून बॅग भरून राह्यली होती, राग आला, एकदाच — अनवाणी पायानं. आडवी होती का उभी? आडवी. बरं.

झालं तर मंग. आता तू ऐक — ठसाबिसा काही उमटत न्हाई. ही कड माझ्याच बोटाची आहे, आत्ता गुठळी काढताना पडली. वार बिलकुल बोलत न्हाई रे. बीपी वाढलं तरी गुठळी अशीच होते, हुबेहूब अशीच. खड्डा तोच, रंग तोच. हा फरक ओळखायला मी जिंदगी घातली, अन् दर वेळेला अहवालात लिहिते, कारण सांगता येत न्हाई. दर वेळेला बाई न्हाणीत घसरते. दर वेळेला नवरा मडकं घेऊन येतो अन् मी त्यात वार घालून देते, वरून म्हणते काळजी घ्या. आज पहिल्यांदा खोटं बोलले. अन् सांगू? बरं वाटलं. तुझं तोंड पांढरं पडलं तेव्हा ही सुरी — जाऊ दे. डॉक्टरच्या मनात असं यायला न्हाई पाहिजे. आलं.

मडक्याला हात लावू नको. वार आता इथंच राहील.

असा धडपडत उठतोस कशाला? दार उघडंच आहे, हो — बाकापर्यंत सगळं ऐकू जातं. तिघंही उभे राह्यलेत बघ. रखमाजीनं चहा सांडला वाटतं.

पोलीस बोलवू म्हणतोस? करते ना फोन. आधी हात धुऊ दे. रक्ताच्या हातानं मी फोनला शिवत न्हाई — आणि मला हात धुवायला वेळ लागतो.

मागचं दार न्हाई या खोलीला. जा.