न धुतलेलं फडकं

सूस गावच्या जनावरांच्या दवाखान्यात सोमनाथ शेळी धरून नंबराची वाट बघत होता. समोर त्याच्याच आळीतली फुलाबाई आणि ती जिच्याकडे कामाला जाते ती ऋतिका, दोघी घायकुतीला आल्या होत्या. विमानात न्यायचा पिंजरा उघडा होता, पण ऋतिकाचा कुत्रा कोको बाकाखालून हलत नव्हता.

“आठवडा झाला, माझा टीशर्ट आत ठेवला तरी जात नाही. परवा फ्लाइट आहे, कायमचं जायचंय, मावशी. डॉक्टर म्हणाले, दिवसभर ज्याच्याजवळ लोळतो त्याचं कापड ठेवा.”

“म्हनून तर माजं फडकं आनलंय.”

“पण याला साबणाचा वास येतोय!”

“मग? घामाचं कापड कुनाला देत्यात व्हय?”

“मावशी, घामाचंच हवं होतं हो.”

फुलाबाईनं खांद्यावरचा टॉवेल काढून आत अंथरला. कोको उठला, आत शिरला आणि टॉवेलवर हनुवटी टेकून पडला.

“गेला! दार लावून बघू या?”

“थांबा ताई. मी भाईर जाते, मग लावा.”

“अहो, तुम्ही समोर असलात तर शांत राहील.”

“त्यो ऱ्हाईल वो, माजं काय?”