झोफियाच्या आधीचे टोमॅटो

बाळाच्या लशीसाठी मी रांगेत बसले होते. मागच्या बाकावर आमच्या गावातल्या दोघी शेजारणी, लुद्विका आणि तेओफिला.

“टोमॅटोची रोपं लावूनसुद्धा टाकलीस? संत झोफियाच्या दिवसाला, थंडी पुरती सरायला, अजून आठवडा आहे, तेओफिला! उद्या पहाटे दंव गोठणार.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक असून लावलीस? सत्तर वर्षं काय नुसतं सूप ढवळलंस?”

“झोफियानंतर लावले की ऑगस्टात पिकतात, लुद्विका. ओलेकची सुट्टी जुलैतच संपते. तीन वर्षांनी येतोय पोरगा.”

“...किती रोपं?”

“बारा.”

“माझ्याकडे आठ बादल्या आहेत, संध्याकाळी पालथ्या घालू. उरलेल्या चारांवर तुझ्या त्या हॅट घाल. नाहीतरी तुला शोभत नाहीत.”