कॉस्च्यूमच्या आतला तुकडा

तपासनीस : हे काय आहे गं काखेखाली? हाताला जाड लागतंय.

धाकटी : काही नाही मॅडम. शिलाई असेल.

तपासनीस : सकाळपासून पोरींचे पोहण्याचे कॉस्च्यूमच चाचपतेय मी. शिलाई कळते मला. आतून रबरासारखं काहीतरी लावलंय. कोणी लावलं?

धाकटी : आईने.

तपासनीस : आलीय ती? मग बोलाव आत.

आई : आलेच, आलेच. माझ्याच हातचं आहे ते, मॅडम. पण बाहेरून दिसतंय का सांगा! कपडे शिवण्यात जन्म गेला माझा.

तपासनीस : दिसत नाही म्हणून तर हात फिरवावा लागतो. अहो बाई, शर्यतीत निव्वळ कापडाचा कॉस्च्यूम लागतो, कंपनीतून आला तसाच. वरून काही जोडायचं नाही. रबराने अंग पाण्यावर तरंगतं, म्हणून तर बंदी आली त्या जुन्या रबरी कॉस्च्यूमांवर.

आई : एवढ्याशा तुकड्याने काय तरंगणार? तळहाताएवढासुद्धा नाही.

तपासनीस : मलाही पटतंय. पण आज तळहाताएवढा सोडला, तर उद्या कोणी पाठभर लावून येईल.

आई : माझ्या थोरलीच्या कॉस्च्यूमचा आहे तो. बंदीच्या आधीचा. तीही पोहायची. साधा ताप म्हणता म्हणता गेली हो माझी पोर. घरच्यांनी तिचे सगळे कपडे देऊन टाकले. मी हा तेवढा शिवणाच्या चिंध्यांत लपवला.

तपासनीस : अरे देवा.

आई : ही पाण्यात उतरली की माझा जीव टांगणीला लागतो. तो तुकडा आत असला की वाटतं, थोरली आहे हिच्यासोबत. राहू द्या ना. कोणाचं काय जातंय?

तपासनीस : नाही हो जमणार. उसवा, मूळ कापड धड असलं तर मी सोडते. नाहीतर नाव काढावं लागेल. निवडीची शर्यत आहे ही, हिच्या वयोगटाची शेवटची.

आई : मग काढा नाव.

धाकटी : आई!

आई : काय आई? ताईपेक्षा शर्यत मोठी झाली का तुला?

धाकटी : मला माहीत होतं आई, आत काय आहे ते. पहिल्यांदा घातला तेव्हाच कळलं. घासतं ते. रोज मलम लावून झोपते मी.

आई : मग बोलली का नाहीस?

धाकटी : काय बोलू? पाण्यातून वर आले की तू म्हणतेस, 'ताई अश्शीच वळायची.' जिंकले तरी तेच, हरले तरी तेच. एकदा तरी मला म्हणालीस का, तू छान पोहलीस म्हणून?

आई : असं कसं बोलतेस गं...

धाकटी : मलाही आठवते ती. खूप आठवते. मला पाण्यात पहिल्यांदा तिनेच उतरवलं. पण आज मला एकटीला पोहू दे. पाया पडते तुझ्या.

(आई पर्समधून छोटी कात्री काढते.)

तपासनीस : द्या, मी उसवते.

आई : नको. हे कापड फार नाजूक, एक धागा चुकला की सरसर जाईल. खांद्यावरून पट्टा उतरव गं. हात वर. हलू नकोस आता. अगंबाई, केवढं सोललंय हे!

धाकटी : दुखत नाही.

आई : खोटं बोलू नकोस, मेले. रक्त येतंय. आई ना मी तुझी? मला दाखवायचं नाही?

धाकटी : तू रडू नकोस. टाका दिसायचा नाही तुला.

आई : निघाला. बघा मॅडम, कापडाला कुठे धक्का नाही.

तपासनीस : ठीक आहे. पळ बाळा, पुकारा झालाय. तिसऱ्या लेनमध्ये आहेस.

धाकटी : आई, जाऊ?

आई : जा. नीट जा.

तपासनीस : तुम्ही इकडे या, दारातून दिसतं सगळं. हं, मारली बघा उडी. चांगली निघालीय.

आई : कुठली हो? सगळ्या टोप्या सारख्याच.

तपासनीस : अहो, ती काय, तिसऱ्या लेनमधली! आई असून हात टाकायची पद्धत ओळखत नाही पोरीची?

आई : आजवर मी हिच्यात थोरलीच बघत आले, मॅडम. जरा दाखवा ना मला. ही कशी पोहते?