वाळ्याच्या वासाची बाटली

सदाशिव पेठेतल्या त्वचेच्या दवाखान्यात शैला आपल्या नंबरची वाट पाहत होती. तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून एक सासू-सून बाहेर आल्या आणि चपला घालायला तिच्याशेजारीच टेकल्या. सुनेच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली तान्ही मुलगी होती.

"हसा आता, अहो आई. संसर्गाचं काही नाही म्हणाले ना?"

"हसू कशाला? साबण अंगात जिरवणारी बाई म्हणून माझी नोंद झाली."

"पण धुतलं का नाहीत?"

"त्वचा मऊ राहते, असं ती बाटली देताना तूच म्हणालीस. वाळ्याचा वास, दुधासारखं दाट. आंघोळ झाली की तेलासारखं चोळायचे."

"अहो, बॉडी वॉश होता तो! आणि खाज सुटली तेव्हा?"

"आणखी थोडं लावलं."

शैलाने मासिक तोंडासमोर धरलं.

"म्हणून हिला घेत नव्हतात?"

"मग? माझ्या अंगावरचं हिला लागलं असतं म्हणजे?"

"मला वाटलं... मुलगी झाली म्हणून."

सासूने चपलेचा पट्टा सोडून सुनेकडे वळून पाहिलं.

"सॉरी, आई."

"अगं, तू आंघोळीला गेलीस की दारात उभी राहून बघायचे मी हिला. आत पाऊल टाकायची भीती वाटायची."

"मला सांगायचं तरी."

"तू तरी कुठे विचारलंस? बरं, रडू नकोस, लोक बघतायत. दे इकडे. नाही, थांब, आधी हात धुऊन येते."

"कशाने?"

"नुसत्या पाण्याने, बाई!"