एका जागी अडकलेला आकडा

एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन इंदिराबाई भालकीच्या स्टँडवर उदगीरच्या बसची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर रत्नपाल नावाचा एक मेकॅनिक दुरुस्तीला आलेला लॅपटॉप उघडून आपल्या थोरल्या बहिणीला, अक्काला, दाखवत होता.

"प्रोसेसरमधी चार कोर हायत, अक्का. चार गडी समज. हरेकाची गरमी मोजायला एकेक सेन्सर."

"ह्यो तिसरा सगळ्यात गार दिसायलाय. चाळीस."

"थांब, चौघांवर सारखंच काम टाकतो. आता बघ."

"तिघं सत्तरच्या वर गेले की! ह्यो चाळीसच. लई दमाचा गडी हाय."

"दमाचा कशाचा? त्योबी तेवढाच भाजायलाय. त्याचा सेन्सर अडकलाय, म्हणून कायबी झालं तरी चाळीसच सांगतो."

"मग त्याचं खरं कळायचं कसं?"

"त्याला इचारायचंच न्हाई. शेजारच्यांचे आकडे बघायचे."

इंदिराबाईंचा फोन वाजला. हैदराबादहून लेक बोलत होती.

"आई, कशी हायस?"

"बरी हाय की. मला काय धाड भरलीय?"

"शेजारच्या शिवकन्याकाकूला फोन केलता मी."

इंदिराबाईंनी शेजारच्या लॅपटॉपवरच्या त्या चाळीसकडे बघितलं.

"उदगीरच्या दवाखान्यातच चाललेय, माय. दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागायलाय."